ट्रेमधली सेलम हळदीची रोपे: घ्यावीत की गड्डे बेणेच बरे?

वसमत-हिंगोली पट्ट्यात सेलम जातीच्या हळदीचे गड्डे, म्हणजे मातृकंद, लावण्याऐवजी ट्रेमधली रोपेही लावली जातात. रोप म्हणजे कंदाचा एका डोळ्याचा 5-7 ग्रॅमचा तुकडा, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखतात 30-40 दिवस वाढवलेला.

मोठी बचत बेण्याची. पाच फुटी बेड, दोन ओळी आणि रोपांत एक फूट धरले तर एकरी साधारण 17,400 रोपे बसतात, म्हणजे 98 कप्प्यांचे 178 ट्रे. तेवढेच 50 ग्रॅमचे गड्डे लावायचे तर पावणेनऊ क्विंटल बेणे लागते. रोपांना क्विंटल-सव्वा क्विंटल पुरते. नर्सरीवाल्याचा दर याच हिशेबाने तपासावा. शिवाय रोपे ट्रेतच वाढत असल्याने मे महिन्यात विहिरीने तळ गाठलेला असताना अख्खे रान भिजवावे लागत नाही, हे मराठवाड्यात फार मोलाचे.

कमीपणा तुकड्याच्या आकारात आहे. गड्ड्याजवळ सुरुवातीच्या वाढीची शिदोरी असते, या तुकड्याजवळ जवळजवळ नसते. म्हणून चुनखडीच्या रानात ही रोपे लवकर पिवळी पडतात. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी दिसली की लोहाची कमतरता समजावी. तिथे युरिया टाकून उपयोग नाही, चिलेटेड (पिकाला सहज घेता येईल अशा रूपातले) लोह फवारावे.

घेताना एक रोप कप्प्यातून उपसून बघाच. पांढऱ्या मुळ्यांनी कोकोपीटची गड्डी धरलेली हवी. मुळ्या तपकिरी, तुकडा दाबल्यावर मऊ आणि वास कुबट असेल तर ती कंदकूज. तो लॉट घेऊच नये, कारण काळ्या रानात पाणी साचले की ती बेडभर पसरते. मुळ्या तळाशी गोल फिरलेल्या असतील तर रोप ट्रेत जास्त दिवस राहिले आहे. शेडनेटमधून थेट शेतात नेलेली रोपे करपतात, आधी आठवडाभर उन्हाची सवय झालेली हवी.

लागवड संध्याकाळी, ड्रिपने बेड ओला करून. गड्डीवर इंचभर माती यावी. अडीच-तीन महिन्यांनी भरणी, म्हणजे बुंध्याला माती लावणे, चुकवू नये. उघड्या कंदाजवळ कंदमाशी अंडी घालते.

नांग्या (न उगवलेल्या जागा) भरायला आणि पाणी तोकडे असेल तिथे ही रोपे घ्यावीत. घरचे बेणे निरोगी आणि पाणी पुरेसे असेल तर पूर्ण एकरासाठी गड्डेच लावावेत.