दम्यासाठी घरात केलेले बदल: खोळी, प्युरिफायर आणि आर्द्रतामापक, काही महिने वापरल्यानंतर

खरेदीला हात घालण्याआधी त्वचेवरची ॲलर्जी चाचणी करून घेतली, ते फार बरं झालं. डस्ट माइट, म्हणजे धुळीतल्या सूक्ष्म किड्यांसाठी भलामोठा फोड उठला, बुरशीला जेमतेम, मांजराला काहीच नाही. पैसे कुठे घालायचे ते तिथेच ठरलं: अंथरुणावर. हे किडे साधारण पाव मिलिमीटरचे. आपल्या कातडीचा कोंडा खातात, पाणी पीत नाहीत, हवेतली ओल शोषून जगतात. मुख्य त्रास त्यांच्या विष्ठेचा. त्यातली प्रथिनं श्वासात गेली की छाती भरते.

गादीची खोळ सगळ्या बाजूंनी बंद होणारी हवी, आणि कापडाची छिद्रं १० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान हवीत. पाकिटावर हा आकडा नसेल तर मी ती घेत नाही. दोन प्रकार वापरले. प्लॅस्टिकचा थर असलेली कूस बदलली की कुरकुरते आणि पाठीला घाम आणते. दाट विणीच्या कापडाची अंगाखाली जाणवतही नाही. घेताना चेन जिथे संपते तो कोपरा नक्की बघा. माझ्या खोळीत तिथे करंगळी जाईल एवढी फट राहत होती, म्हणजे गादीवर बसलं की धूळ नेमकी तिथूनच बाहेर. वरून चिकटपट्टी लावली आहे. दिसायला वाईट, पण टिकली आहे. उशीला खोळ हवीच, नाकाला सगळ्यात जवळ तीच असते.

मात्र नुसत्या खोळीवर फार आशा ठेवू नका. २००३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ११२२ प्रौढ दमेकऱ्यांवरचा अभ्यास आला, त्यात केवळ खोळींनी फायदा दिसला नव्हता. २००४ मध्ये त्याच नियतकालिकात ९३७ मुलांवरचा अभ्यास आला. त्यात ज्या मुलाला ज्याची ॲलर्जी, त्यानुसार त्याच्या घरात एकदम अनेक बदल केले होते, आणि त्रासाचे दिवस कमी झाले. माझा अनुभवही असाच आहे. फरक पडायला लागला तो चादरी, अभ्रे, पांघरुणं दर आठवड्याला ६० अंशांवर धुवायला लागल्यावर. थंड पाण्यात ॲलर्जेन, म्हणजे त्रास देणारी ती प्रथिनं, बरंचसं निघून जातं, पण किडे जिवंत राहतात आणि पुन्हा आपल्या उद्योगाला लागतात. लोकरीचं पांघरूण त्या तापमानात आटलंच असतं, त्याला सरळ खोलीबाहेर काढलं.

आता प्युरिफायर, म्हणजे हवा गाळणारं यंत्र. सगळ्यात महाग वस्तू आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात कमी कामाची. त्यातला हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, त्यात खोट नाही. पण माइटचं ॲलर्जेन तुलनेने जड कणांवर असतं. अंथरूण झटकलं की उडतं आणि अर्ध्या तासात बहुतेक खाली बसतं. जे हवेत नाहीच ते यंत्र ओढणार कुठून? ज्यांना मांजराची ॲलर्जी आहे त्यांचा हिशोब वेगळा, ते कण तासन्‌तास तरंगत राहतात. बाहेरून धूर आला की मात्र याचा उपयोग होतो, म्हणून ठेवलं आहे. त्यातल्या आयनायझरचं (हवेतल्या कणांना विद्युतभार देणाऱ्या भागाचं) बटण बंदच ठेवते, कारण त्यातून ओझोन वायू तयार होऊ शकतो आणि ओझोन श्वासनलिकांना झोंबतो. (जाहिरातीत त्यालाच 'ताजी हवा' म्हणतात!)

उलट आर्द्रतामापक ही तळहाताएवढी स्वस्त वस्तू, आणि तिने सगळ्यात जास्त शिकवलं. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर माइट नीट तग धरत नाहीत. खोलीच्या मध्यभागी आकडा ठीकठाक दिसायचा. तेच यंत्र कपाटामागे सरकवलं तर सत्तरीच्या घरात! कपाट ओढलं तर भिंतीवर काळपट बुरशी. भिंतीतली गळती दुरुस्त केली, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घेतलं, आणि ओले कपडे खोलीत वाळत घालणं बंद केलं. दमट दिवसांत डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, लावते. त्याची टाकी रोज रिकामी करावी लागते, हे विक्रेता सांगत नाही.

व्हॅक्यूम घरातलं दुसरं कोणीतरी फिरवतं आणि मी तेवढा वेळ त्या खोलीत पाऊल टाकत नाही. झाडू बंद, ओलं फडकं चालू.

परिणाम हळूहळू आला, पहिले काही आठवडे तर काहीच वाटलं नाही. आता रात्री धाप लागून उठणं क्वचित होतं, सकाळचा पीक फ्लोचा (जोरात फुंकल्यावर श्वास किती वेगाने बाहेर पडतो त्याचा) आकडा पूर्वीइतका खाली जात नाही. रोजचा प्रतिबंधक पंप चालूच आहे. तो कमी करायचा का, हे डॉक्टर पुढच्या तपासणीत ठरवतील. सर्दी झाली की मात्र वहीतले आकडे पूर्वीसारखेच घसरतात. विषाणूंना खोळीचं काय! तेव्हा औषध कसं वाढवायचं आणि दवाखाना कधी गाठायचा, हे डॉक्टरांनी लिहून दिलेलं फ्रिजवर चिकटवलं आहे, घरातल्या सगळ्यांना दिसेल असं.