आठवड्याभरात इटली: टूरची बस की दोघांची रेल्वे?

रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस आणि वाटेत पिसा, एवढं आठवड्याभरात बघायचं म्हटलं की धावपळ होणारच. बसने जा नाहीतर रेल्वेने, पाय तेवढेच दुखतात. आम्ही दोघं या शहरांत आधी मुंबईहून निघालेल्या एका ग्रुपबरोबर गेलो आणि काही वर्षांनी आमचे आम्ही, रेल्वेने. व्हिसा, विमान, थंडीचे कपडे हे तुम्ही पाहिलं असेलच. त्यापुढचा, नवरा-बायकोंनी जेवणानंतर टेबलावर बसून वाद घालावा असा प्रश्न एवढाच उरतो: ग्रुप की आपलं आपण?

ग्रुपचं आधी सांगतो, कारण त्याची बाजू लंगडी नाही. सकाळी बॅग खोलीबाहेर आणून ठेवली की ती थेट बसच्या पोटात जाते, हे सुख फार मोठं आहे. कोलोसियमची तिकिटं आता नावानिशी आणि ठरलेल्या वेळेची असतात. तो व्याप टूर मॅनेजर सांभाळतो. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून) आणि फ्लोरेन्सचं उफ्फिझी सोमवारी बंद, ही आकडेमोड तुमच्या डोक्याला नाही. संध्याकाळी गरम वरण-भात मिळतो. बसमध्ये बाकरवडीचा पुडा फिरतो, शेजारच्या सीटवरच्या काकू तुमच्या प्रकृतीची चौकशी करतात. माझ्या बायकोला रोममध्ये ताप आला, तेव्हा ग्रुपमधल्याच एका डॉक्टरांनी तिला तपासलं. ते मी विसरणार नाही.

तरीही दुसऱ्या खेपेला आम्ही रेल्वे निवडली, आणि ती एकाच गोष्टीपायी: मुक्कामाची जागा.

ग्रुपची हॉटेलं शहरात नसतात. आमचं फ्लोरेन्सचं हॉटेल महामार्गाला लागून होतं. खोली स्वच्छ, न्याहरी चांगली, पण खिडकीतून दिसायचे पेट्रोल पंप आणि फर्निचरची गोदामं. यात टूर कंपनीचा दोष काढणं बरोबर नाही. इटलीच्या जुन्या शहरांच्या आत वाहनांवर कडक निर्बंध आहेत, मोठ्या बसला तर वेगळा परवाना आणि वेगळं शुल्क. चाळीस-पन्नास माणसांना पुरेल एवढं हॉटेल जुन्या गावात मिळणं कठीण, मिळालं तर परवडणं कठीण. शिवाय युरोपात बसचालकाच्या कामाचे तास कायद्याने बांधलेले आहेत: साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची, रात्रीची विश्रांतीही ठरलेली. म्हणून संध्याकाळी सात वाजता जेवण आणि आठ-साडेआठला खोलीवर, असा बेत आखावाच लागतो.

आता हे लक्षात घ्या की जूनमध्ये फ्लोरेन्सला सूर्य मावळतो रात्री नऊच्या सुमारास. म्हणजे दगडी भिंतींचं ऊन उतरून त्या मधाळ होतात, गावातली माणसं जेवणाआधी फेरफटका मारायला बाहेर पडतात, नेमक्या त्या वेळी आम्ही कित्येक किलोमीटर दूर पडदे ओढून बसलेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बस आम्हाला परत गावाच्या कडेला सोडणार, इतर शंभर बससोबत, आणि भर उन्हात, भर गर्दीत आम्ही छत्री उंच धरलेल्या गाइडमागे चालणार. दिवसाचे सगळ्यात वाईट तास शहराला दिले आणि सगळ्यात चांगले हॉटेलला. ही खंत मला आठवडाभर पुरली.

व्हेनिसला तर हे फारच जाणवलं. ग्रुपची बस त्रोन्केत्तोच्या धक्क्यावर थांबते, तिथून मोटरबोटीने सान मार्को, चौक, काचकाम, गोंडोला आणि दुपारनंतर परतीची बोट. एका दिवसापुरती आलेली माणसं निघून गेली की ते गाव कसं शांत होतं, हे आम्हाला दुसऱ्या खेपेलाच कळलं. रात्री साडेदहाला सान मार्कोच्या चौकात कॅफेंचे वादक वाजवत होते आणि ऐकणारे मोजकेच. पाण्याचा आवाज येतो, कारण गाड्याच नाहीत. पहाटे रिआल्तोच्या पुलावर आम्ही दोघं आणि भाजीची होडी रिकामी करणारे कामगार, बस्स.

रेल्वेने हे जमतं कारण तिथली स्टेशनं शहराच्या आत आहेत. रोमहून फ्लोरेन्स वेगवान गाडीने दीड तास, तिथून व्हेनिस दोन तासांहून थोडं अधिक. फ्रेच्चारोस्सा सरकारी कंपनीची, इतालो खासगी, २०१२ पासून धावणारी. दोन्ही आम्हाला सारख्याच चांगल्या वाटल्या. फ्लोरेन्सच्या सान्ता मारिया नोव्हेल्ला स्टेशनातून बाहेर पडलं की दहा मिनिटांच्या चालीवर तिथल्या कॅथेड्रलचा, ब्रुनेलेस्कीने बांधलेला घुमट, १४३६ साली पुरा झालेला. व्हेनिसच्या सान्ता लुचिया स्टेशनाच्या पायऱ्या उतरलं की समोर थेट ग्रँड कॅनाल. बसला यातला प्रत्येक टप्पा साडेतीन-चार तासांचा, शिवाय दोन्ही टोकांना उपनगरं.

वाचलेले तास आम्ही कुठे घातले, तर फ्लोरेन्सच्या अकादेमिया संग्रहालयात एक पूर्ण सकाळ. ग्रुपबरोबर आम्ही सिन्योरियाच्या चौकात मायकेलअँजेलोचा डेव्हिड पाहिला होता; ती प्रतिकृती. मूळ पुतळा १८७३ साली चौकातून हलवून अकादेमियात नेला. पाच मीटरहून उंच, १५०४ मध्ये पूर्ण झालेला. पण माझी बायको रेंगाळली ती त्याच्याकडे जाणाऱ्या दालनात, मायकेलअँजेलोच्या अर्धवट राहिलेल्या कैद्यांपाशी. पोप दुसऱ्या ज्युलियसच्या समाधीसाठी सुरू केलेली ही शिल्पं. दगडातून माणूस बाहेर यायला धडपडतोय आणि छिन्नीचे घाव अजून ताजे दिसतात. तिथे ती जवळपास तासभर उभी होती आणि मला कुणी 'चला, बस थांबलीय' म्हटलं नाही.

रेल्वेचा त्रासही आहे, तो लपवत नाही. व्हेनिसच्या पुलांना पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पुलावर बॅग उचलूनच न्यावी लागते. गुडघे दुखत असतील तर स्टेशनजवळचं किंवा वापोरेत्तोच्या (तिथल्या सार्वजनिक बोटीच्या) धक्क्याला लागून असलेलं हॉटेल घ्या, नाहीतर हा बेत सोडा. पिसाला जाणाऱ्या साध्या प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो, विसरलात तर दंड. संप होतात; तारखा बहुधा आधी जाहीर होतात, तेवढं निघण्यापूर्वी पाहावं. आणि रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर पाकीट पुढच्या खिशात.

जेवणाचं मात्र प्रामाणिकपणे सांगायचं तर ग्रुपचं पारडं जड. पिझ्झा-पास्त्यावर आमचं भागलं. मारिनारा पिझ्झात चीजही नसतं आणि तोस्कानातलं (फ्लोरेन्सच्या प्रांतातलं) रिबोल्लिता हे पाव-भाज्यांचं घट्ट सूप आम्हाला फार आवडलं. पण पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) असतं. कडक शाकाहारी असाल तर रोज प्रत्येक ठिकाणी विचारत बसावं लागेल, आणि जैन असाल तर मी ग्रुपच सुचवेन. आम्ही मेतकूट, ठेपले आणि छोटा राइस कुकर नेला होता.

पैशांचं म्हणाल तर आम्हाला फार फरक जाणवला नाही. गावातली हॉटेलं महाग, पण गाइड, टिपा आणि 'ऐच्छिक' सहलींचे पैसे वाचले. वेगवान गाड्यांची तिकिटं आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात.

आईवडील बरोबर असतील, पहिलाच परदेश प्रवास असेल, किंवा सगळं ठरवण्याच्या कल्पनेनेच झोप उडत असेल, तर ग्रुपने जाण्यात काहीच कमीपणा नाही. आम्हीही पहिल्यांदा तसेच गेलो आणि त्याचा पश्चात्ताप नाही. पण दोघंच असाल, चालायची सवय असेल, तर माझं मन रेल्वेकडे झुकतं. मधला मार्गही आहे: हॉटेलं, गाड्या आणि संग्रहालयांची तिकिटं एजंटकडून काढून घ्यायची आणि फिरायचं दोघांनीच.

ग्रुप ठरवलात तर पैसे भरण्याआधी हॉटेलांची नावं मागा आणि ती नकाशावर पाहा. 'फ्लोरेन्स परिसर' एवढंच लिहिलं असेल तर नेमकं गाव विचारा. रेल्वे ठरवलीत तर विमान रोमला उतरणारं आणि व्हेनिसहून परतणारं घ्या, म्हणजे मागे फिरायला दिवस जात नाही. व्हेनिसमध्ये एक तरी रात्र बेटावरच काढा, पलीकडच्या जमिनीवरच्या मेस्त्रेला नको. २०२४ पासून काही ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांना तिथे प्रवेशशुल्क लागतं. मुक्कामाला असणाऱ्यांना ते माफ आहे, फक्त तशी ऑनलाइन नोंद आधी करून ठेवावी लागते.