लहान मुलांना घेऊन परदेशातला नाताळ: व्हिएन्ना, सिंगापूर की दुबई?

सांगलीतल्या आमच्या तीन मित्रकुटुंबांनी दोन नाताळ परदेशात एकत्र काढले, पहिला सिंगापूरला आणि दुसरा व्हिएन्नाला. दुबईला आम्ही एकदा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जाऊन आलो. दोन्ही नाताळांना कोणाचे ना कोणाचे मूल दोन वर्षांच्या आतले होते आणि बाकीची मुले उचलून घ्यावे तर जड, चालवावे तर अर्ध्या तासात रस्त्यात बसकण मारणारी होती. गणपती उठले की ओळखीच्यांची चौकशी सुरू होते आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, की बर्फ कुठे मिळेल. व्हिएन्ना शहरात डिसेंबरात बर्फ पडेलच असे नाही आणि आमच्या मुक्कामात तो पडला नाही, एवढेच त्याचे उत्तर आहे. त्याआधी ठरवायला हवे ते हे, की आपल्याला नाताळ हा सण पाहायचा आहे की वर्षअखेरची सुट्टी मित्रांबरोबर घालवायची आहे. कारण मुले लहान असताना या दोन्हींसाठी एकच ठिकाण सोयीचे ठरत नाही.

सर्वांत मोठा फरक तारखांचा आहे. मध्य युरोपातले नाताळचे बाजार नोव्हेंबरात लागतात आणि नाताळ आला की उठतात, ही गोष्ट आपल्याकडून जाणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, कारण आपल्या मनात २५ डिसेंबर ही सणाची सुरुवात असते. खरे तर सांगलीच्या मारुती रोडवर विकायला लावलेले आकाशकंदील जसे लक्ष्मीपूजनानंतर दिसत नाहीत, तसाच हा प्रकार आहे. जर्मनीतला न्यूरेम्बर्गचा प्रसिद्ध बाजार २४ डिसेंबरला संपतो, तिथले काही बाजार त्याच्याही आधी आवरतात. व्हिएन्नात नगरभवनासमोरचा राटहाउसप्लाट्झवरचा मोठा बाजार २६ तारखेपर्यंत असतो आणि शॉनब्रुन राजवाड्यापुढचा त्यानंतरही चालतो. आमच्या मुलांच्या शाळेची सुट्टी २४ पासून होती, त्यामुळे व्हिएन्नासाठी आम्ही शाळा बुडवून १७ तारखेलाच निघालो. बालवाडीत आणि पहिली-दुसरीत हे खपून जाते. ज्यांना शाळा बुडवायची नाही आणि जे २४ च्या रात्री निघणार आहेत, त्यांनी युरोपचा विचार नाताळच्या निमित्ताने करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्हिएन्नात २४ डिसेंबरच्या दुपारीच दुकाने बंद होतात. भेटवस्तू मुलांना त्याच संध्याकाळी मिळतात, लोक घरी जातात, आणि २५ व २६ या दोन्ही दिवशी सार्वजनिक सुट्टी असल्यामुळे किराणा दुकानेसुद्धा उघडत नाहीत. आम्ही भात, डाळ, बटाटे असे सगळे आणून ठेवले होते. फक्त दुधाचा हिशेब चुकला. २५ च्या संध्याकाळी शेवटचा पुडा संपला आणि बाटलीशिवाय न झोपणाऱ्या मुलाने घर डोक्यावर घेतले. मोठ्या रेल्वे स्थानकांतली सुपरमार्केट सुट्टीच्या दिवशीही चालू असतात, हे शेजारच्या आजोबांनी जिन्यात सांगितले म्हणून मी आणि माझा मित्र ट्रामने मुख्य स्थानकावर गेलो. तिथे आमच्यासारख्याच विसरभोळ्यांची रांग होती, आणि तिच्यात उभे राहून आम्ही चार पुडे घेऊन आलो. सिंगापुरात असा प्रसंग येत नाही. तिथे २५ तारीख सुट्टीची असली तरी मॉल, उपाहारगृहे आणि बहुतेक दुकाने चालू असतात, आणि ऑर्चर्ड रोडवरची १९८४ पासून दरवर्षी होणारी रोषणाई २५ नंतरही राहते. दुबईत नाताळ ही सरकारी सुट्टीच नाही. मॉलमध्ये झाड उभे असते, मदिनत जुमेराला नाताळबाजारही भरतो, पण शहराचा दिवस नेहमीसारखाच जातो.

दुसरा मुद्दा घड्याळाचा आहे आणि मुलांच्या बाबतीत तो भाड्याहून महत्त्वाचा ठरतो. हिवाळ्यात व्हिएन्ना आपल्या साडेचार तास मागे असते. सांगलीत साडेसातला उठणारे मूल तिथे पहाटे तीनला टक्क जागे होते आणि सूर्य उगवायला पावणेआठ वाजतात. संध्याकाळी चारला अंधार पडतो आणि मग बाजारातले दिवे लागत असतानाच हे मूल बाबागाडीत मान टाकते. पहिले चार दिवस आमचे असेच गेले. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे आहे, म्हणजे साडेनऊला झोपणारे मूल तिथल्या बारापर्यंत आनंदात असते, आणि तिथली सगळी मौज रात्रीच्या दिव्यांची असल्यामुळे हा फरक चक्क पथ्यावर पडतो. गार्डन्स बाय द बे या बागेतल्या सुपरट्रींचा, म्हणजे झाडांच्या आकाराच्या उंच मनोऱ्यांचा, दिव्यांचा आणि संगीताचा कार्यक्रम रात्री पावणेआठ आणि पावणेनऊला होतो, त्याला तिकीट नाही. आमची पाचही मुले जमिनीवर पाठ टेकून तो पाहत होती आणि एकानेही ‘घरी चला’ म्हटले नाही. दुबई दीडच तास मागे आहे, त्यामुळे तिथे घड्याळाची अडचण येत नाही.

प्रवासाचेही तसेच आहे. मुंबईहून दुबई सुमारे तीन तासांवर आणि सिंगापूर साडेपाच तासांवर आहे. व्हिएन्नाला जाताना आम्ही आखातात विमान बदलले आणि सांगलीच्या दारातून व्हिएन्नाच्या दारात पोचायला जवळजवळ दीड दिवस लागला. दोन वर्षांच्या आतले मूल मांडीवर बसून थोडक्या भाड्यात जाते, परंतु प्रवासाच्या मध्येच त्याचा दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीसाठी त्याला स्वतंत्र आसन घ्यावे लागते. डिसेंबरात जन्मलेल्या मुलांच्या आईवडिलांनी हे आधी पाहावे.

थंडीची भीती मात्र आपण उगाच घेतो. व्हिएन्नाचे तापमान शून्याच्या आसपास होते आणि मुलांना थंडीचा त्रास झाला नाही. त्रास झाला तो कपड्यांचा. पाच मुलांना बाहेर काढायचे म्हणजे आतले उबदार कपडे, स्वेटर, जाकीट, टोपी, हातमोजे, बूट, आणि शेवटचा बूट चढला की पहिल्याला शू लागलेली. बाहेर पडायला रोज पाऊण तास जात असे. हे कपडे पुढच्या वर्षी मुलांना होत नाहीत, म्हणून पुण्यातल्या नातेवाइकांकडून मागून आणणे हाच शहाणपणा आहे. सिंगापुरात दुपटे आणि छत्री पुरते, पण डिसेंबर हा तिथल्या सर्वाधिक पावसाच्या महिन्यांपैकी आहे. दुपारी आभाळ अचानक कोसळते, तेव्हा प्राणिसंग्रहालय सकाळी आणि गार्डन्समधली फ्लॉवर डोम व क्लाउड फॉरेस्ट ही थंडगार काचघरे दुपारी, असा क्रम लावावा. हवा म्हणून पाहिली तर तिन्हींत दुबई सरस आहे. पंचविशीच्या आतबाहेरचे ऊन आणि कोरडे आकाश असते.

आणि तरीही सण म्हणून विचाराल तर व्हिएन्नाला तोड नाही. राटहाउसप्लाट्झवर संध्याकाळी उभे राहिले की भाजलेल्या चेस्टनटचा धूर, स्केटिंगसाठी केलेल्या बर्फावर घसरणारी मुले, झाडांवर टांगलेले दिवे आणि समोर उजळलेली नगरभवनाची इमारत, हे सगळे मुलाच्या उंचीवरून दिसते. तिथे मुलांसाठी बिनमद्याचे गरम फळांचे पेय चिनीमातीच्या कपात देतात आणि कपासाठी अनामत रक्कम घेतात. कप परत केला की पैसे परत. माझ्या मुलीला मिळालेला कप बुटाच्या आकाराचा होता. तिने तो दोन्ही हातमोज्यांत धरून असा काही छातीशी लावला, की मी अनामतीवर पाणी सोडले; आता तो आमच्या ओट्यावर चमचे ठेवायला आहे. शॉनब्रुनचे प्राणिसंग्रहालय १७५२ सालचे, आजही चालू असलेल्यांत जगातले सर्वांत जुने, आणि थंडीत तिथे गर्दी नसते. सिंगापूरचा नाताळ हा मुख्यतः खरेदीच्या रस्त्यांचा आणि मॉलचा नाताळ आहे. तो देखणा आहे, पण परतल्यावर आमच्या मुलांना त्यातला नाताळ आठवत नव्हता, जिराफाला भरवलेला पाला आठवत होता.

मित्रांबरोबर जाताना मुक्काम कुठे करायचा यावरून प्रवास बनतो किंवा बिघडतो. मुले रात्री झोपली की मोठ्यांना गप्पा मारायला एक खोली हवी. नाहीतर तीन जोडपी तीन अंधाऱ्या खोल्यांत मोबाइलचा उजेड कमी करून बसतात. सिंगापुरात आमचे असेच झाले. तिथे खाजगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने देणे कायद्याने मना आहे, त्यामुळे हॉटेल किंवा परवानाधारक सर्व्हिस अपार्टमेंट एवढाच मार्ग उरतो. आम्ही हॉटेल घेतले, खोल्या लहान होत्या, आणि जोडून मिळतील असे सांगितलेल्या तीन खोल्या प्रत्यक्षात तीन मजल्यांवर निघाल्या. दुबईत आणि व्हिएन्नात पर्यटकांना घरे रीतसर मिळतात. व्हिएन्नातल्या आमच्या घराला मोठे स्वयंपाकघर होते, आणि दोन जणांनी रोज सकाळी स्वयंपाक करायचा, दोघांनी मुले सांभाळायची, दोघांनी झोपायचे, अशी पाळी लावल्यामुळे मुक्कामभर एकही भांडण झाले नाही. एक सूचना त्यातूनच सुचते: खर्चाची वही एकाने ठेवावी आणि हिशेब परतल्यावर करावा, तिथे करू नये.

व्हिसाच्या बाबतीत फरक सरळ आहे. सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटामार्फत ऑनलाइन निघतो, शुल्क ३० सिंगापूर डॉलर, आणि पोचण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनपत्र विनामूल्य भरायचे असते. दुबईचाही ऑनलाइनच होतो. ऑस्ट्रियासाठी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, व्हिसा लागतो: मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना काही नाही, किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा हवा, बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, पण मोठ्यांना त्यासाठी सांगली सोडून बाहेरगावी जावे लागते. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात आणि निकालाला साधारण पंधरा दिवस, कधी पंचेचाळीस दिवसांपर्यंत, लागू शकतात. खरा धोका वेगळाच आहे. तीन कुटुंबांपैकी एकाचा व्हिसा नाकारला गेला तर बाकीच्या दोघांनी काय करायचे, हे अर्ज भरण्यापूर्वी चहा पिता पिता ठरवून टाकावे आणि घराचे बुकिंग रद्द करता येण्याजोगेच घ्यावे. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे मोठ्या मुलाच्या जन्मानंतर हौसेने काढलेला एव्हाना संपलेला असण्याची शक्यता दांडगी असते.

खाण्याच्या पिशवीकडे गृहिणी जेवढ्या बारकाईने पाहतात तेवढे एजंट पाहत नाहीत. सांगलीचे भडंग, मेतकूट आणि भाजणी आम्ही दोन्हीकडे नेली. परंतु युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे साजूक तूप आणि साताऱ्याचे कंदी पेढे घरीच. लहान बाळाच्या दुधाच्या पावडरीला मात्र मर्यादित सवलत आहे. संयुक्त अरब अमिरातीत खसखस हा बंदी असलेला पदार्थ आहे, तेव्हा दिवाळीचे उरलेले अनारसे दुबईच्या बॅगेत भरू नयेत. हे मी गमतीने लिहीत नाही. कोडीनसारखे अफूवर्गीय घटक असलेल्या खोकल्याच्या औषधांबाबतही तिथले नियम कडक आहेत. सिंगापुरात शाकाहारी जेवणाची ददात नाही. लिटल इंडियात सेरंगून रोडवर इडली-डोसा मुलांनी घरच्यासारखा खाल्ला. व्हिएन्नाच्या बाजारात शाकाहाऱ्यांना चेस्टनट आणि बटाट्याच्या टिक्क्या, त्याही अंडे आहे का हे विचारून.

शहरात फिरताना सिंगापुरात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १.३५ मीटरपेक्षा बुटक्या मुलांना मोटारीत बालआसन सक्तीचे आहे. नेहमीच्या टॅक्सीला यातून सूट आहे, पण अॅपवरून मागवलेल्या खाजगी गाडीला नाही, आणि चालक सरळ नकार देतात. मेट्रोला सगळीकडे लिफ्ट आहे, तोच मार्ग धरावा. व्हिएन्नात ट्राम आणि मेट्रोला सहा वर्षांखालच्यांना तिकीट नाही.

दुबईबद्दल मी थोडके लिहिले, कारण थोडकेच लिहिण्यासारखे आहे. आजी-आजोबा बरोबर असतील, सुट्टी पाचच दिवसांची असेल आणि कोणाला कसलीच दगदग नको असेल, तर दुबईला जावे. फक्त आपण नाताळ पाहायला चाललो आहोत असे मुलांना सांगू नये. सर्वांत लहान मूल तीन वर्षांच्या आतले असेल आणि शाळा बुडवता येत नसेल, तर सिंगापूर. सर्वांत लहान चार वर्षांचे झाले असेल, सातआठ दिवस आधी निघता येत असेल आणि तिन्ही घरांत स्वयंपाकाला नाक न मुरडणारे पुरुष असतील, तर व्हिएन्ना. आमचे मूल दीड वर्षाचे असताना आम्ही व्हिएन्नाला गेलो, ती घाई होती. दोन वर्षे थांबायला हवे होते.

कुठेही जायचे ठरले तरी विमान बहुधा मुंबईहूनच धरावे लागते आणि मुलांना घेऊन आठ तास मोटारीत बसण्यापेक्षा महालक्ष्मी एक्स्प्रेसची रात्र बरी. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते, म्हणजे १७ डिसेंबरच्या गाडीचे १८ ऑक्टोबरला. अकरा जणांना एकाच डब्यात खालच्या बर्थ हव्या असतील तर व्हिसाची वाट न पाहता त्या सकाळी तिकीट काढून ठेवावे.