बारा इंची फ्रिक्शन स्टे: रत्नागिरीच्या वाऱ्यात दहा महिने

रत्नागिरीत समुद्राच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर आमचे घर आहे. तिथल्या बाहेर उघडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खिडकीची एक झडप गेल्या वर्षी जागेवर राहीनाशी झाली होती. साधी झुळूक आली तरी ती चौकटीवर आपटे आणि दुपारी झोपलेली आई दचकून उठे. शेवटी डिसेंबरात तिचे दोन्ही फ्रिक्शन स्टे बदलले. मधे एक पूर्ण पावसाळा गेला असल्यामुळे आता त्यांच्याविषयी खात्रीने लिहिता येते.

फ्रिक्शन स्टे म्हणजे झडपेच्या वर आणि खाली, झडप व चौकट यांच्या मधल्या फटीत बसणारी स्टीलच्या पट्ट्यांची जोडणी. बिजागरीचे काम तीच करते आणि पट्टीत सरकणाऱ्या गुटक्याच्या घर्षणामुळे झडप हव्या त्या कोनात थांबते. करकर थांबावी म्हणून पूर्वी आम्ही त्या गुटक्यावर तेलाचा फवारा मारला होता, आणि ज्या घर्षणावर झडप थांबायची तेच त्यामुळे कमी झाले. त्यानंतर गुटक्यावरचा पितळी स्क्रू आवळून पाहिला. आठवडाभर बरे वाटले, मग पुन्हा तेच.

खरे कारण हिशेब केल्यावर कळले. काचेचे वजन एक चौरस मीटरला, प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे, अडीच किलो धरतात. आमची झडप 60 बाय 120 सेंटिमीटरची आणि काच 5 मिलिमीटरची, म्हणजे नुसती काचच 9 किलो भरते. भोवतालचे ॲल्युमिनियम धरून अंदाजे बारा किलो. एवढ्या झडपेला मुळात 8 इंची स्टे लावलेले होते. त्यांचे स्क्रू सैल होऊन झडप खाली झुकली होती, तिचा कोपरा चौकटीला घासत होता आणि कडीही नीट लागत नव्हती.

म्हणून 304 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे 12 इंची स्टे घेतले. दुकानात 202 दर्जाचे स्वस्त मिळतात, पण त्यांत निकेल कमी असते आणि खाऱ्या हवेत ते लवकर गंजतात. चुंबक लावून हा फरक ओळखता येत नाही, कारण सहसा दोन्हींना चुंबक चिकटत नाही. तेव्हा बिलावर दर्जा लिहून घेणे उत्तम. फटीची उंचीही आधी मोजावी. आमच्याकडे ती 13 मिलिमीटर होती, आणि दुकानदाराने प्रथम दिलेले जाड स्टे तिथे बसलेच नसते.

झडप काढताना ती दोरीने आतल्या बाजूस पक्की बांधली होती आणि धरायला दुसरा माणूस होता. तिसऱ्या मजल्यावर याशिवाय स्क्रूला हात लावणे जिवावर बेतू शकते, आपल्या नव्हे तर खालून जाणाऱ्याच्या. नव्या लांबीसाठी नवी भोके पाडावी लागली. जुनी भोके सिलिकॉनने बुजवली, नाहीतर त्यांतून पावसाचे पाणी आत आले असते.

जूनपासूनच्या वाऱ्यात झडप अर्धी उघडी ठेवली तरी हलत नव्हती, हे मला मनापासून आवडले. जुलैच्या अखेरीस ती जराशी सैल वाटली, तेव्हा पितळी स्क्रूला पाव फेरा दिला आणि ते पुरले. ऑगस्टमध्ये मात्र तपकिरी डाग दिसले. निरखून पाहिले तर स्टे स्वच्छ होते, गंज कारागिराने वापरलेल्या साध्या स्क्रूंना चढला होता. सगळे स्क्रू काढून स्टेनलेसचे लावले. पट्टीत वाळू साचते, ती महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने काढतो आणि मग गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसतो. तेल अजिबात नाही.

वादळी वाऱ्यात झडप उघडी ठेवण्याचा भरवसा हे स्टे देत नाहीत; तसा इशारा आला की आम्ही खिडकी बंद करून कडी लावतो. दुसऱ्या खिडकीचे 8 इंची स्टे अजून तसेच आहेत. तेही या डिसेंबरात बदलणार आहे, आणि या वेळी समुद्राच्या खाऱ्या हवेला अधिक टिकणारे 316 दर्जाचे मिळाले तर तेच घेईन.