अकरा महिने, २८ खण आणि गोंदलेला डिस्प्ले

गेल्या आठवड्यात बायकोनं लाइट बिल भरायला माझा फोन घेतला आणि म्हणाली, "अहो, ह्या कडेला चौकोन चौकोन काय दिसायलेत?" मी फोन शर्टाला पुसून परत दिला. चौकोन तिथंच. पांढऱ्या पानावर उजव्या हाताला फिकट राखाडी सावली, आडवे चार, उभे सात. मोजायची गरज नव्हती, तरी मोजले. २८.

ज्यांनी ओल्ड स्कूल रूनस्केप हा गेम मोबाइलवर खेळलाय त्यांच्या लक्षात आलं असेल. अकरा महिने रोज रात्री एकाच जागी उघडी राहिलेली गेममधली सामानाची बॅग स्क्रीनवर गोंदली गेली. अ‍ॅमोलेड स्क्रीन, फोन एकोणीस हजारांचा, वॉरंटी संपायला तीन आठवडे बाकी. सर्व्हिस सेंटरचं रामायण शेवटी सांगतो. आधी गेमबद्दल, कारण त्या बॅगेशी माझं वाकडं डिस्प्लेच्या आधीपासूनचं आहे.

मी तासगावकडच्या एका कोल्ड स्टोरेजला रात्रपाळीचा ऑपरेटर. चेंबरमध्ये बेदाण्याचे १५ किलोचे बॉक्स, लॉटवार थप्प्या. दर तासाला टेम्परेचर रजिस्टरला चढवायचं आणि कॉम्प्रेसरच्या आवाजावर कान ठेवायचा. काम एवढंच, पण डोळा लागून चालत नाही. व्हिडिओ लावले की हमखास लागतो. पैसे लावायचे पत्ते मी फोनमध्ये ठेवत नाही. शेवटी भाच्यानं हा गेम टाकून दिला. म्हणाला, "मामा, ह्यात नुसती हमाली आहे, तुम्हाला जमंल." चेष्टा करत होता, पण बोलला ते खरं.

गेम काय आहे ते बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. आपला गडी झाडं तोडतो, मासे धरतो, खाणीत खणतो, आणि जे काम करील त्याची लेव्हल वाढत जाते. २००७ सालच्या जुन्या रूपावरून २०१३ मध्ये परत सुरू केलेला, मोबाइलवर आला ऑक्टोबर २०१८ मध्ये. चित्रं बघून मुलगा हसला, "पप्पा, ह्याचं नाक कुठाय?" नाक नाही, मान्य. पण हलका आहे. सगळा खेळ ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतो, त्यामुळं आमच्याकडं रेंजनं दोन-तीन दांड्यांवर डुलक्या खाल्ल्या तरी झाड तुटायचं थांबत नाही. चेंबरच्या पफच्या, म्हणजे गारवा धरून ठेवणाऱ्या जाड फोमच्या भिंतींच्या आत रेंज शून्य, मशीनरूमच्या दारात खुर्ची टाकली की चालतो. दिवसाच्या दीड जीबीतलं रात्रभर खेळूनही फारसं संपत नाही. ह्या बाबतीत तक्रार नाही.

तक्रार बॅगेची. २८ खण. कुऱ्हाड एक खण, लाकडाचा ओंडका एक खण, आणि दुसरा ओंडका पहिल्यावर बसत नाही, त्याला दुसरा खण. नाणी मात्र लाखभर असली तरी एकाच खणात. मी चेंबरला एका पॅलेटवर किती बॉक्स चढतात हे बघत आयुष्य काढलेला माणूस. मला हे पहिल्या रात्रीपासून खुपलं. विलोची लाकडं तोडायला ३० लेव्हल लागते, गेममधल्या ड्रेनॉर गावाला पाण्याकाठी झाडं आहेत, बँक हाकेच्या अंतरावर. तिथं ठीक होतं. बॅग भरली, बँकेत टाकली, परत झाडाखाली. खरा राग आला लॉबस्टरला.

लॉबस्टर म्हणजे आपली कोकणातली शेवंड. मी खाल्लेली नाही, भाव ऐकलाय. गेममध्ये फिशिंग ४० झालं की पिंजरा टाकून धरता येते. फुकटात खेळणाऱ्याला नेहमीची जागा म्हणजे करामजा बेट, आणि तिथं जायला पोर्ट सारिमहून बोट. भाडं ३० नाणी. यायला परत ३०. आता हिशेब बघा. बॅगेत २८ खण, त्यातला एक पिंजऱ्याला, एक भाड्याच्या नाण्यांना. उरले २६. साठ नाणी भाड्यात घालून २६ नग आणायचे, म्हणजे नगामागं सव्वादोन नाण्यांच्या वर वाहतूक. पोर्ट सारिमच्या धक्क्यावर बँकेची पेटी आहे, तिच्यात माल टाकायचा आणि त्याच बोटीनं परत. तीन आठवडे मी हे केलं. रजिस्टरच्या मागच्या पानावर खेपा लिहून ठेवल्या आहेत, १९४. साठानं गुणून बघा. अकरा हजार सहाशे चाळीस. गेमातलेच पैसे, पण पैसे ते पैसे.

एका रात्री माझ्या शेजारी धरणाऱ्या गड्याची बॅग भरली. तो बोटीकडं न जाता केळीच्या बागेकडं गेला आणि अर्ध्या मिनिटात रिकामा होऊन परत आला. मी खेप सोडून त्याच्या मागं गेलो. तिथं स्टाइल्स नावाचा माणूस उभा असतो. तुमच्या लॉबस्टरच्या, ट्यूनाच्या, स्वोर्डफिशच्या तो नोटा करून देतो. नोट म्हणजे मालाची पावती, शंभर असल्या तरी एकाच खणात बसतात, बँकेत दिल्या की परत मासे. आणि हे फुकट! एक नाणं घेत नाही. मी ज्या धक्क्यावर १९४ वेळा उतरलो तिथून तो काही पावलांवर उभा होता. कॉम्प्रेसरच्या आवाजात मी एकटाच मोठ्यानं बोललो ते इथं लिहीत नाही.

त्यानंतर दोन दिवस गेमला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मेंबरशिप घेतली. ह्यात तर्क शोधू नका.

मेंबरशिपचा आकडा लिहीत नाही, एक तर तो बदलत असतो आणि दुसरं म्हणजे घरी अजून सांगितलेला नाही. मिळतं बरंच: नवीन मुलूख, शेती, मोठ्या खाणी. आणि ज्याच्यासाठी मी पैसे टाकले ती गोष्ट, बॅगेच्या आत बॅग. कोळशाची पिशवी मिळते, तिच्यात २७ कोळसे मावतात आणि ती स्वतः एकच खण अडवते. त्यासाठी मदरलोड खाणीत सोन्याचे १०० खडे जमवावे लागतात. मी जमवले. लाकडासाठी टोपली मिळते, २८ ओंडक्यांची. मासे ठेवायला पिंपही असतं, तेही २८ चं. म्हणजे यांना खण वाढवता येत होते, वाढवले नाहीत, वर पिशव्यांसाठी राबवून घेतलं. माझा पहिल्या चार महिन्यांचा अभिप्राय इथं संपत होता आणि तो दोन स्टारच्या वर जात नव्हता.

मग टोपली आल्यावर काय झालं ते सांगतो. बिनटोपलीचा असताना बॅग लवकर भरायची. बॅग भरली की मी पाय मोकळे करायला उठायचो, मशीनरूममध्ये एक चक्कर मारायचो, तेलाचं प्रेशर बघायचो, आकडा लिहायचो, परत बसायचो. सवयच लागली होती. टोपली आल्यावर दुप्पट वेळ बसायला मिळालं. आणि मार्चमध्ये, ऐन आवकेच्या दिवसांत, रात्री तीन आणि चारचे दोन आकडे रजिस्टरला नव्हते. मी खुर्चीत, फोन मांडीवर, गेममधला गडी यू नावाच्या झाडाखाली उभा. माल सुखरूप होता, टेम्परेचर हललं नव्हतं, पण सकाळी मालकांनी रजिस्टर उघडून ते दोन कोरे रकाने बोटानं दाखवले आणि काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवशी टोपली बँकेत ठेवली ती आजतागायत. कोळशाची पिशवी वापरतो, कारण खाणीत आवाज जास्त आहे, डोळा लागत नाही. २८ खणांवरचा माझा राग कमी झाला असं म्हणत नाही. पण रात्रपाळीवाल्याला भरलेली बॅग म्हणजे गजर आहे, आणि तो गजर बंद करायला मीच पैसे मोजले होते.

शेतीबद्दल लिहिलं नाही तर आमच्या भागात कुणी माफ करणार नाही. औषधी रोपं लावली की ८० मिनिटांत येतात, वीस-वीस मिनिटांचे चार टप्पे. माझ्या तासाच्या रजिस्टरशी बरोबर जुळत नाही, ही एक बारीक ठसठस. रोग पडतो, कंपोस्ट घातलं की कमी पडतो. फवारणी नाही. आणि ३६ लेव्हलला द्राक्षं! हॉसिडियस नावाच्या भागात द्राक्षबाग आहे, मातीत सॉल्टपीटर, म्हणजे सोरा घालायचा आणि वेल लावायचा. वडिलांची दोन एकर बाग होती. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, फुलोऱ्यात पाऊस आला की दावण्याच्या भीतीनं रात्री दोनला उठून ट्रॅक्टर चालू करणं हे मी बघितलंय. इथं नुसतं बोट टेकवलं की घड हातात. पहिल्यांदा तोडला तेव्हा, खोटं कशाला बोलू, जरा बरं वाटलं. वडिलांना दाखवला. ते म्हणाले, "दर काय लागला?" आणि ह्या द्राक्षांचं करायचं काय, तर पाण्याच्या जगमध्ये घालून वाइन. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा करायची सोय ठेवलेली नाही. एवढ्या मोठ्या गेममध्ये बेदाणा वाळवायला एक रॅक उभा करता आला नसता?

लेव्हलचं गणित नवीन लोकांना आधी सांगितलं पाहिजे, मला कुणी सांगितलं नाही. शेवटच्या ९९ लेव्हलला १,३०,३४,४३१ एक्सपी, म्हणजे कामाचे गुण लागतात. ९२ ला पोचलात की ६५,१७,२५३. म्हणजे ९२ हा अर्धा रस्ता. दर सातेक लेव्हलला काम दुप्पट होत जातं. माझं फिशिंग ८४ आहे आणि मी निम्म्याच्याही निम्म्यावर नाही. शार्क ७६ पासून धरतोय. मासे हळूहळू लागतात, त्यामुळं बॅग भरायला वेळ जातो, म्हणून शार्क फक्त पहाटे पाचनंतर, दिवसपाळीचे लोक यायला लागल्यावर.

मारामारीत मला रस नाही. एकदाच व्हॅरॉक शहराच्या दक्षिणेला काळे जादूगार उभे असतात त्यांच्यामधून शॉर्टकट काढला आणि मेलो. थडग्यात सामान पंधरा मिनिटं राहतं, जाऊन घेतलं. तेव्हापासून लांबच्या वाटेनं जातो.

बाजार मात्र झकास आहे. ग्रँड एक्स्चेंजला माल लावायचा, भाव आपण ठरवायचा, पलीकडून कुणीतरी उचलतो. विकणाऱ्याला कर बसतो, डिसेंबर २०२१ मध्ये १ टक्का सुरू झाला, आता २. एकेका मालाची चार तासांत ठराविकच खरेदी करता येते, त्यामुळं एकटा माणूस सगळा माल दाबून बसू शकत नाही. सौद्यात बसलेल्या माणसाला हे बघून हेवा वाटेल. इथंच बाँडही मिळतो, गेमातल्या पैशानं घेतला की १४ दिवसांची मेंबरशिप. मी आता खिशातून पैसे देत नाही, शार्क विकून बाँड घेतो. एका बाँडला किती रात्री जातात ते काढलं होतं. त्या रात्रींचा मला पगार मिळतोच, म्हणून तो आकडा खोडून टाकला.

आता डिस्प्ले. ज्या कंपनीचा फोन तिचं सर्व्हिस सेंटर सांगलीत आहे. नाव घेत नाही. रात्रपाळी करून आंघोळ न करता दहाची एसटी धरली. टोकन ४१. काउंटरवरच्या मॅडमनी फोन बघितला न बघितला आणि म्हणाल्या, "हे वापरामुळे झालंय सर, वॉरंटीत येत नाही." मी म्हटलं, फोन वापरायलाच घेतला होता. साडेसात हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. दुसऱ्या वेळी गेलो तर साहेब मीटिंगला. मी दीड तास भडंगाचा पुडा घेऊन बाकड्यावर बसलो, साहेब आले, त्यांनीही वापराचंच सांगितलं आणि एस्टिमेट सात हजार केलं. म्हणजे पाचशे कुठंतरी होतेच. बाहेरच्या दुकानदारानं तीन हजारांत साधा डिस्प्ले बसवून देतो म्हटलं, पण मग बोटानं लॉक उघडणार नाही म्हणाला.

काल तिसऱ्यांदा गेलो. ह्या वेळी काउंटरला चोवीस-पंचवीसचा पोरगा होता. त्यानं पांढरी स्क्रीन लावून फोन उजेडात तिरका धरला, ओठ हलवत मोजलं आणि माझ्याकडं बघितलं.

"काका, फिशिंग किती?"

"चौऱ्याऐंशी."

त्यानं फोन दोन्ही हातांनी ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला की अर्ज आजच्या तारखेत घेतो, म्हणजे वॉरंटीच्या आत बसेल, वरती मेल टाकून बघू, खात्री देत नाही. ब्राइटनेस निम्म्यावर ठेवा आणि काम नसेल तेव्हा बॅग बंद करत जा, एवढं फुकट सांगितलं. मी त्याचं विचारलं. म्हणाला, त्रेपन्न झालंय, मेंबरशिप परवडत नाही, लॉबस्टरच धरतोय. "करामजाला जाण्या-येण्यातच पैसे संपतात ओ काका. साठ रुपये खेप."

स्टाइल्सचं नाव अगदी ओठावर आलं होतं. म्हटलं, आधी डिस्प्लेचं काय ते होऊ दे.