साडेसहा हजारांचा कणा, दीड वर्ष वापरून

तासगावात माझं फिजिओथेरपीचं लहानसं क्लिनिक आहे. दोन खाटा, एक ट्रॅक्शनचं टेबल आणि दीड वर्षापासून खिडकीशेजारी स्टँडवर लटकणारा माणसाच्या मापाचा प्लास्टिकचा कणा. ऑनलाइन मागवला होता, साडेसहा हजारांना. ओळखीच्या दोघी-तिघींनी विचारलं, "घ्यावा का?" म्हणून सविस्तर लिहिते.

घेण्याचं कारण एकच शब्द, 'गॅप'. पेशंट एमआरआयची पिशवी टेबलावर ठेवतो आणि सांगतो, "मॅडम, मणक्यात गॅप पडलाय." हे अगदी उलटं आहे. दोन मणक्यांमध्ये गॅप असायलाच हवा, तिथेच तर गादी असते. मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून माकडहाडाच्या वरच्या हाडापर्यंत अशा २३ गाद्या असतात आणि कण्याची जवळजवळ पाव उंची त्यांचीच. गादी सुकते, बसते, तेव्हा गॅप कमी होतो. इतकी वर्षं मी हे कागदावर चित्र काढून सांगत होते. लोक मान डोलवायचे आणि जाताना पुन्हा विचारायचे, "मग हा गॅप भरून निघंल का?" आता बोट धरून दोन मणक्यांमध्ये ठेवते. गादी रबरी आहे, दाबली की दबते. हाताला लागलं की पटतं.

हाडांचं काम उत्तम आहे. मानेचे ७, छातीचे १२, कमरेचे ५ मणके सुटे, खाली त्रिकास्थी म्हणजे माकडहाडाच्या वरचं तिकोनी हाड, माकडहाड आणि कमरेचा पिंजरा. मानेचे मणके नाजूक, कमरेचे जाड नि रुंद, हा फरक लहान पोरालाही दिसतो. आमच्याकडे द्राक्षाच्या विरळणीला बायका मांडवाखाली दिवसभर हात वर आणि मान मागे करून उभ्या असतात. त्यांना मी मानेचा भाग मागे वाकवून दाखवते. मणक्यांच्या बाजूची छिद्रं, जिथून नस बाहेर पडते, ती तशी मान नेली की अरुंद होतात. हाताला मुंग्या कुठून येतात हे सांगायला यापेक्षा वेगळं काही लागत नाही. कमरेत वाकून क्रेट उचलणाऱ्यांना उलटा प्रकार दाखवते. कणा पुढे वाकला की गादी पुढून चिमटते आणि मागच्या बाजूला ढकलली जाते. हे सगळं होतं ते आतल्या लवचीक सळईमुळे, आणि ती दीड वर्षात सैल पडलेली नाही. मान वळवणं मात्र नीट दाखवता येत नाही. खरं तर मान जितकी वळते त्यातलं जवळपास निम्मं वळणं पहिल्या दोन मणक्यांत होतं. इथे ते दोन मणके घट्ट बसवलेत.

आता तक्रारी. सरकलेली गादी म्हणून जो लाल फुगवटा दिलाय तो कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या मध्ये आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची गादी त्याच्या खाली, चौथ्या-पाचव्यात किंवा पाचव्याच्या खाली सरकलेली असते. प्रत्येकाला "तुमचं एक मजला खाली" असं सांगावं लागतं.

दुसरी चूक मला सहनच झाली नाही. मज्जारज्जू म्हणून जी पिवळी नळी आत घातलीय ती थेट त्रिकास्थीपर्यंत गेलेली. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. पोटातलं बाळ तीन महिन्यांचं असतं तेव्हा तो खालपर्यंत असतो, पण नंतर हाडं त्याच्यापेक्षा भराभर वाढतात आणि तो वरच राहतो. खाली उरतात त्या नुसत्या नसा, एका पाण्यासारख्या द्रवात तरंगणारा झुबका. शरीरशास्त्रात त्याला घोड्याचं शेपूटच म्हणतात.

ही बारीकसारीक गोष्ट नव्हे. आमच्या भागातल्या कितीतरी बायका कंबरदुखीचं खापर एकाच गोष्टीवर फोडतात, "सिझरच्या वेळी कण्यात सुई मारली, तवापासनं." सुई टोचते ती कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या आसपास, मज्जारज्जू संपल्यानंतर. तिथल्या नसा सुटून तरंगत असल्यामुळे सुईला वाट देतात. चार दिवस टोचल्या जागी दुखेल, क्वचित डोकं दुखेल, पण दहा वर्षांच्या कंबरदुखीचं कारण ती सुई नाही. एका मावशींना मी हे सांगत होते आणि त्या मॉडेलकडे बोट करून म्हणाल्या, "पण हितं तर दोरी खालपातुर हाय की." बरोबर होतं त्यांचं.

त्या रात्री घरी आणून नळी कमरेच्या पहिल्या मणक्यापाशी कापली, टोक तासून निमुळतं केलं आणि खाली पिवळ्या लोकरीचे धागे चिकटवले. प्रत्येक छिद्रातून एकेक जोडी बाहेर काढली. कण्यातून नसांच्या ३१ जोड्या निघतात. कंपनीने मानेला सातच दिल्या होत्या, तिथे मणके ७ असले तरी जोड्या ८ असतात. आठवीही लोकरीचीच लावली.

आता सगळ्यात जास्त बोलणं त्या लोकरीवर होतं. पोटरी दुखते आणि मी कंबर का तपासते, हे विचारणाऱ्याला एक धागा हातात देते. तळपायाचा स्नायू हलवणारी चेतापेशी शेवटच्या बरगडीच्या आसपास मज्जारज्जूत बसलेली असते आणि तिचा एकच धागा तिथून तळपायापर्यंत जातो. मीटरभर लांब, एका पेशीचा. पायाची जाणीव वर नेणारे धागेही त्याच वाटेने येतात. वाटेत कमरेत दाब पडला तरी मेंदूला वाटतं, पाय दुखतोय.

गेल्या पावसाळ्यात एक बागायतदार दादा आले होते. दोन्ही पायांत कळ, बसायच्या जागी बधिरपणा, सकाळपासून लघवी झालेली नाही. त्यांच्या मुलाला वाटत होतं, शेक देऊन घरी न्यावं. मी लोकरीचा झुबका मुठीत आवळून दाखवला, म्हटलं, यातल्या मधल्या धाग्यांवर लघवी-संडास चालते, हे तासांचं काम आहे. त्याने तिथूनच गाडी मिरजेला वळवली. रात्रीत ऑपरेशन झालं. दादा आता चालत येतात, स्वतःच्या पायांनी.

सोबत आठ तुकड्यांचा मेंदू स्वस्तात मिळाला होता, तो घेतला नसता तरी चाललं असतं. खुंट्या सैल, उचलला की अनुमस्तिष्क, म्हणजे मागचा लहान मेंदू, हातात येतं. अर्धांगवायूच्या घरच्यांना उजवा मेंदू डावा हात कसा चालवतो ते दाखवायचं असतं, पण खाली देठात ज्या जागी तंतू बाजू बदलतात तिथे काहीच कोरलेलं नाही.

एकूण पाचपैकी साडेतीन. हाडं आणि सळई पाहता पैसे वसूल आहेत. घेणार असाल तर विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागवा आणि पिवळी नळी कुठे संपते ते बघा. खालपर्यंत गेलेली असेल तर सोबत कात्री, फेव्हिक्विक आणि लोकरीची एक लडी आणून ठेवा.