‘मोक्’ की ‘थिऊ’?

व्हिएतनामी शिकणारी मैत्रीण अडली: खराब झालेल्या पदार्थाला ‘मोक्’ म्हणायचं की ‘थिऊ’?

डोळ्यांना बुरशी दिसली की ‘मोक्’ (स्वर चढता). पाव, भिंत, चामडी बूट, काहीही चालतं. उत्तर व्हिएतनाममध्ये वसंतात ‘नोम’ची दमट हवा आली की हा शब्द घरोघरी. ‘मोक् मेओ’ म्हणजे पार बुरसलेलं, वापराविना पडून राहिलेलंही. गंमत म्हणजे ‘मोक्’ नेहमी वाईट नसतो: ‘तुओंग’ या सोयाबीनच्या चटणीसाठी भातावर तो मुद्दाम वाढवतात!

‘थिऊ’चा पल्ला छोटा. शिजवलेलं अन्न विटलं, आंबूस वास आला की ‘थिऊ’. बुरशी दिसायची गरज नाही.

थोडक्यात, भिंत-बुटांना ‘मोक्’च. रात्रीचा भात हुंगून नाक मुरडलंत तर ‘थिऊ’.